पप्पांच्या स्क्रिप्टला बटण

रिटायर झाल्यावर पप्पांना लोकांनी काय काय सुचवलं! सकाळचं फिरणं, गॅलरीत कोथिंबीर, सोसायटीतला हास्यक्लब. पप्पांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर कब्जा केला. मी जावामध्ये प्रोग्राम लिहून पोट भरते, तेही नगरच्या सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसूनच. त्यामुळे मास्तरीण त्यांना घरात आयतीच मिळाली. पण मास्तरीण म्हणून मी बेकार आहे. एकदा सांगून कळलं नाही की माझा आवाज चढतो. पप्पांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे आरडाओरड्याची त्यांना सवय होती. ते शांतपणे म्हणायचे, "ओरड, पण परत सांग."

अशा ओरडण्यातून उभं राहिलं मंडळीचं गीतांचं ॲप. मंडळी म्हणजे चर्चला येणारी आमची माणसं. पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर आमची मूळ मंडळी आहे. शेती करणारे, शाळेत शिकवणारे, कारखान्यात कामाला जाणारे असे सगळे तिथं एका बाकावर बसतात. या लोकांना गीतं रचायची भारी हौस. सण आला की कोणी उसाला पाणी देता देता रचतं, कोणी गोठ्यात धार काढताना. मग ते गीत कागदाच्या चिठोऱ्यावर उतरतं आणि तो चिठोरा कपड्यांबरोबर धुतला जातो. पप्पांना याची फार हळहळ वाटायची. म्हणून त्यांनी एकेकाच्या घरी बसून गीतं लिहून घेतली, टाइप केली, आणि ती सगळ्यांच्या मोबाईलमध्ये जावीत म्हणून ॲप करायचं ठरवलं.

नवं गीत आलं की ॲप नव्याने बांधावं लागतं. सगळी गीतं गोळा करायची, अनुक्रमणिका लावायची, ॲप तयार करायचं, तपासायचं आणि तयार फाइल ग्रुपवर पाठवायच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची. हे सगळं मशीनने एकापाठोपाठ एक करावं म्हणून ज्या आज्ञा लिहून ठेवायच्या, ती स्क्रिप्ट. पप्पांनी ती स्वतः लिहिली, आणि लिहिली तीही स्वतःच्याच थाटात. ती सुरू झाली की पडद्यावर उमटायचं, "सलाम. कामाला लागतो." मग, "गीतं गोळा करतोय, जरा धीर धरा." मग, "एका गीताची चाल लिहायची राहिली आहे, सवडीने बघून घ्या." मी म्हणायचे, "अहो पप्पा, मशीन आहे ते. नुसतं 'एरर' लिहिलं तरी भागतं." त्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. एरर हा काय माणसाशी बोलायचा शब्द झाला, म्हणाले.

काही वर्षं मजेत गेली. मग त्यांचे डोळे बिघडले. बघतोय त्याच्या बरोबर मधोमध धूसर ठिपका यायला लागला. कडेचं दिसतं, मधलं जातं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते टिकवू. मोठं अक्षर पप्पांना मान जराशी वळवून वाचता येतं. टायपिंग तर बोटांत बसलेलंच आहे. पण स्क्रिप्ट चालवायची तर त्या काळ्या पडद्यावर, मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत, फोल्डरच्या नावासकट सगळं बिनचूक लिहावं लागतं. तिथं ते हुकायला लागले.

आणि हुकले ते नेमके नाताळच्या तोंडावर. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं आणि ॲप बांधलं गेलं ते मागच्या वर्षीच्या गीतांचं. अर्ध्या मंडळीने ते मोबाईलमध्ये घेतलं, अर्ध्यांनी कंटाळा करून आधीचंच ठेवलं, त्यामुळे दोघांकडचे नंबर जुळेनात. नाताळच्या उपासनेला पाळकांनी गीताचा नंबर पुकारला मात्र, बायकांच्या बाजूने पाळण्याचं गीत सुरू झालं आणि पुरुषांच्या बाजूने मेंढपाळांचं. बरं, आमची माणसं हट्टी. थांबेल तो हरला, अशा थाटात दोन्हीकडून आवाज चढत गेले. तबलेवाल्याने थोडा वेळ दोघांनाही साथ दिली आणि मग सरळ हात मांडीवर ठेवून बसला. मला हसू आवरेना. शेजारी बघितलं तर पप्पा मान खाली घालून बसले होते.

चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचकमिटीच्या अध्यक्ष सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या, म्हणून अजूनही सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणतात. बाई मायाळू, पण एकदा ठरवलं की ठरवलं. हंगामानंतर आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना असते, लोक आपापल्या शेतातलं पीक देवापुढे आणून ठेवतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पप्पांनी स्पीकर लावला होता.

"सर, तुमी लई केलं मंडळीसाठी. आता डोळ्यांना तान देऊ नका. पुन्याची एक कंपनी हाय, ती करून देती म्हनं ॲप. रविवारी उपासनेनंतर मीटिंग हाय, तवा ठरवून टाकू. तुमी या मात्र."

"बरं, बाई," पप्पा म्हणाले. एवढंच.

दुपारी जेवताना मी भाजी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आवडीची मेथी होती. मी विचारलं, काय झालं. तर म्हणाले, "मला दुसऱ्यांदा रिटायर करतायत. पहिल्यांदा वय झालं म्हणून केलं, ते समजण्यासारखं होतं. पण आता गीतंही काढून घेतली, तर मी सकाळी उठून करू काय?"

मला असा राग आला की विचारू नका. सिस्टरबाईंचा नाही, त्या काळजीपोटीच बोलल्या होत्या. मला राग आला त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा. गीतं गोळा करणारा माणूस धडधाकट, टाइप करणारी बोटं धडधाकट, आणि एका काळ्या पडद्यापायी याला घरी बसवायचं? मी म्हटलं, "जेवा मुकाट्याने. मी तुम्हाला बटण करून देते. हे एवढं मोठं, हिरवं. दाबलं की तुमची स्क्रिप्ट चालू. टाइप करायचं नाही, काही नाही. रविवारी ते सगळ्यांसमोर दाबून दाखवायचं."

पप्पांनी ताटावरचा हात काढला. पण एक अट घातली. "माझ्या स्क्रिप्टला हात लावायचा नाही. तुझं बटण तू बाहेरून लाव." मी म्हटलं, नाही लावत.

जावाच्या प्रोग्राममधून बाहेरची स्क्रिप्ट चालवायची तर लिहायला चार ओळी लागतात. 'ही स्क्रिप्ट सुरू कर' म्हणायचं आणि 'ती संपेपर्यंत थांब' म्हणायचं. मला वाटलं, संध्याकाळच्या चहापर्यंत उरकेल. कसलं काय! पहिल्यांदा तर स्क्रिप्टला गीतंच सापडेनात. पप्पा नेहमी आधी त्या फोल्डरमध्ये जाऊन मग स्क्रिप्ट चालवायचे. माझं बटण तिला भलतीकडूनच हाक मारत होतं. तिला नेऊन योग्य जागी उभं केलं, तेव्हा गाडी हलली.

हलली आणि अर्ध्या वाटेत बसली. "गीतं गोळा करतोय" च्या पुढे काही होईना. हे दुखणं मला माहीत होतं. स्क्रिप्ट जे बोलते ते जावाने ऐकून घ्यावं लागतं. नाही ऐकलं तर न ऐकलेलं साठत जातं, साठवायची जागा भरते आणि स्क्रिप्ट तिथंच खोळंबते. दुसऱ्या कोणाची मितभाषी स्क्रिप्ट असती तर निभावलंही असतं. पण ही पप्पांची, प्रत्येक गीताला दोन शब्द बोलून पुढे जाणारी! मग मी तिचं बोलणं एक एक ओळ करून ऐकायचं आणि मोठ्या ठळक अक्षरांत खिडकीत दाखवायचं, अशी सोय केली. पप्पांनी मान वळवून वाचलं. "अगं, दिसतंय की!" ते म्हणाले, आणि लगेच उठून चहा टाकायला गेले. चहा ते खुशीत असले की स्वतः करतात.

तिसरं दुखणं मात्र माझ्या बापजन्मात पाहिलं नव्हतं. सगळं व्यवस्थित व्हायचं. शेवटची ओळ उमटायची, "ॲप तयार झालं. काळजी नसावी." आणि त्यापुढे शुकशुकाट. बटणावर आपलं 'काम चालू आहे' लिहिलेलंच. स्क्रिप्ट संपायची नाही, आणि फोल्डरमध्ये बघावं तर फाइलचा पत्ता नाही. मी जंग जंग पछाडलं. जावा बदलून बघितला, लॅपटॉप बदलून बघितला, ऑफिसचं काम बाजूला ठेवून दिवसच्या दिवस त्याच्यामागे लागले. स्क्रिप्टही उघडून वाचली. "काळजी नसावी" च्या ओळीखाली पप्पांनी कोरी जागा सोडलेली होती, म्हणजे ती तिथं संपत होती. मग संपलेलं हे संपत का नाही? शनिवार उजाडला तरी तेच. माझ्या तोंडून नको ते शब्द जायला लागले.

"हाताने चालवली की संपते बरं का," पप्पा म्हणाले.

"तुम्ही म्हणता संपते! मी कुठे बघितलंय?"

"मग बघ."

ते काळ्या पडद्यासमोर बसले. फोल्डरचं नाव मी वाचून बघितलं, बाकी सगळं त्यांच्या बोटांनी केलं. सलाम झाला, गीतं गोळा झाली, ॲप बांधून झालं, काळजी नसावी झालं. आणि मी आता काय होतंय म्हणून पुढे वाकले, तोवर पप्पांनी पडद्याकडे न बघताच दोन कळा टकटक दाबून एंटर मारलं. क्षणात फाइल फोल्डरमध्ये हजर.

"थांबा! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आत्ता. शेवटी काय टाइप केलंत?"

"'या' म्हटलं."

"कोणाला?"

"अगं, असं काय करतेस? तो विचारतो ना, येऊ का मग? त्याला या म्हणायला नको?"

मी त्यांना बाजूला सारलं, स्क्रिप्ट उघडली आणि त्या कोऱ्या जागेच्या खाली, अजून खाली, तळाशी गेले. तिथं लिहिलेलं होतं. स्क्रिप्ट सगळं काम करून शेवटी विचारायची, "येऊ का मग?" आणि समोरच्याने 'या' म्हणेपर्यंत उभी राहायची. 'या' म्हटलं की मगच फाइल घेऊन निघायची. आणि मला तो प्रश्न कधी दिसला नाही, कारण माझा जावा एक एक ओळ पुरी झाल्याशिवाय दाखवायचा नाही, आणि पप्पांनी प्रश्नाच्या पुढेच उत्तर लिहिता यावं म्हणून ओळ पुरी केलीच नव्हती. म्हणजे चार दिवस ती बिचारी दारात उभी राहून निरोप मागत होती, आणि मी आत बसून तिला शिव्या घालत होते. जगात इतके प्रोग्राम असतील, पण घरी जायची परवानगी मागणारा नगर जिल्ह्यातच निघायचा! मी इतकी हसले की खुर्चीवरून घसरायची बाकी राहिले.

"एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?" पप्पा जरा घुश्शातच बोलले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? घरी आलेला माणूस जाताना विचारतो, हे तुला मी आता या वयात शिकवू?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, ही ओळ काढून टाकते, म्हणजे प्रश्नच मिटला. तर पप्पा चक्क उठून उभे राहिले. "हात लावायचा नाही असं ठरलंय. काम झालं की चपला घालून सरळ चालू पडायचं, ही कुठली रीत?"

"पप्पा, अहो, मशीनला कसली रीत? आणि समोर त्याला या म्हणणारं कोण असतं?"

"मी असतो ना," पप्पा म्हणाले.

मी कीबोर्डवरचा हात काढला. सकाळी मी कामाच्या मीटिंगांना कानात बोंडं खुपसून बसते, ती दुपारी उठते. त्या वेळात या घरात पप्पांशी बोलणारी ती स्क्रिप्टच होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तसा विचार मी कधी केला नव्हता. ओळ मी काढली नाही. जावाला शेवटी अक्षर अक्षर ऐकायला शिकवलं. "येऊ का मग?" आलं की पडदाभर मोठ्या अक्षरांत ते दिसेल आणि खाली एकच बटण असेल, 'या'. पप्पांनी ते पाचसहा वेळा दाबून बघितलं. दर वेळी तोंडानेही "या" म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो, तेव्हा मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पप्पा मात्र मांडीवर लॅपटॉप धरून शांत बसले होते. इतके शांत की मलाच धडकी भरली. म्हटलं, सगळ्यांसमोर बटण अडलं तर? पप्पांसमोर मी कुठलं तोंड घेऊन उभी राहू?

उपासना झाली. वेदीसमोर भोपळे, मक्याची कणसं, पेरूच्या टोपल्या, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी प्रवचनात मधेमधे बोलत होती. मग चर्चच्या बाजूच्या खोलीत मीटिंग बसली. सिस्टरबाईंनी आधी पुण्याच्या कंपनीचं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "सर कायतरी दाखवनार हायत. दाखवा, सर."

पप्पांनी लॅपटॉप उघडला. "नवं गीत सांगा कोणीतरी. आत्ता, इथंच घालतो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सिस्टरबाईंनीच पदराआडून कागद काढला. त्यांनी कांद्याच्या पिकावर उपकाराचं गीत रचलं होतं, आणि ते कोणाला दाखवावं की नाही या विचारात त्या आठवडाभर होत्या म्हणे. त्या ओळ ओळ सांगत गेल्या आणि पप्पांची बोटं चालत गेली. मग पप्पांनी मान थोडी वळवली, कडेच्या नजरेने हिरवं बटण हुडकलं आणि दाबलं.

"सलाम. कामाला लागतो." पडद्यावर ठळक उमटलं. लोक पुढे सरकले. मग जी ओळ येईल ती सगळे मिळून मोठ्याने वाचायला लागले. "गीतं गोळा करतोय, जरा धीर धरा," असं सगळी खोली एका सुरात म्हणाली आणि हशा पिकला. सिस्टरबाईंच्या गीताचं नाव आलं तेव्हा तर त्या लाजून लाल झाल्या. "ॲप तयार झालं. काळजी नसावी." आणि पडदाभर अक्षरं आली, येऊ का मग?

पप्पांचा हात 'या' च्या बटणाकडे निघाला होता. पण सिस्टरबाई पडद्याकडे बघत नव्हत्या, त्या पप्पांकडे बघत होत्या. घरी आलेल्या पाहुण्याला थांबवावं तसा त्यांनी हात पुढे केला.

"येवढ्यात कुठं निघाला, सर? बसा की!"

खोली हसली. बाई हसल्या नाहीत. मागून कोणीतरी विचारलं, मग त्या कंपनीचं काय? बाई वळल्याही नाहीत. "त्यांना सांगा, आमचे सर अजून उठले न्हाईत."

पप्पांनी मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे. कडेच्या नजरेने पडदा सगळा हुडकला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं, इथं नुसतं 'या'च आहे. 'बसतो' कुठं दाबायचं?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवून ते बटण दाबायला लावलं. स्क्रिप्ट सिस्टरबाईंचं गीत घेऊन निघून गेली. इकडे पप्पांनी खुर्ची टेबलाला आणखी जवळ ओढली आणि मंडळीकडे तोंड करून म्हणाले, "हं, आता पुढचं गीत कोणाचं?"